बोटीवरची झोप

ईस्ट क्लिफ, डोव्हर
१६ फेब्रुवारी १९९३

चि. पर्सीभाऊजी यांस,
इनिडवहिनीचे अ. उ. आ. वि. वि.

तुमचं नाताळचं कार्ड पोचलं. त्याचा कोरा अर्धा भाग कापून त्यावरच पत्राची सुरुवात करते आहे, हसू नका. चांगला जाड कागद टाकून देववत नाही. तुमच्या ओदिलने पाठवलेली सुकी आलुबुखारं पुडिंगात घातली. चॅपलच्या बायकांनी बोटं चाटली आणि कुठून आणलीत म्हणून विचारलं. फ्रान्सहून, असं काही मी सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही. आणखी पुडिंग वाढलं.

आता खरं कारण लिहिते. यांची तब्येत बरी नाही. हृदयाच्या दुखण्यानं लॉरी सोडली ते तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टरांनी औषध दिलं, मीठ तोडलं, जिने कमी केले, सगळं केलं. पण झोप नाही. अंथरुणावर पडतात आणि सशासारखे कान टवकारून असतात. दिवसा खिडकीशी खुर्ची टाकून बंदराकडे बघत बसतात. जानेवारीपासून कस्टमची कागदतपासणी बंद झाली, त्यामुळे बंदरात पूर्वीसारखी लॉऱ्यांची जत्रा नसते. बोटीतून उतरतात आणि सुसाट निघून जातात. हे म्हणतात, कुणी चहालासुद्धा थांबत नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की थकलेल्या हृदयाला झोप हेच औषध, ती मिळाली नाही तर उन्हाळा दिसेल याची खात्री नाही. गोळ्या दिल्या त्यानं पाय जड झाले, डोळे नाहीत. जायफळ घालून दूध दिलं, उशीत लॅव्हेंडर घातलं, स्तोत्रं वाचली. शेवटी आमच्या पाद्रीसाहेबांच्या प्रवचनाची टेप लावली, ज्याला सगळं चॅपल पेंगतं. हे शेवटपर्यंत जागे राहिले आणि वर म्हणाले की माणसाचा मुद्दा चांगला होता.

भाऊजी, लाज वाटते पण विचारते. संसाराची एवढी वर्षं झाली तरी हा माणूस माझ्या वाट्याला आठवड्यात एखाददुसरी रात्र आला. घरी आले की पन्हळ दुरुस्त कर, कुंपण रंगव, आणि पुन्हा निघाले. मला वाटायचं रस्त्यावर झोपत असतील. बायको असून मला यांची झोप ठाऊक नाही. तुम्ही दोघांनी इतका रस्ता बरोबर तुडवलात. हे कसे झोपत, तेवढं कळवा.

ओदिलला माझा नमस्कार सांगा. प्रभू तुम्हा दोघांना सांभाळो. तुमची माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमची,
इनिडवहिनी


गीन, कॅलेजवळ, फ्रान्स
२५ फेब्रुवारी १९९३

ती. सौ. वहिनींस,
पर्सीचा शि. सा. न. वि. वि.

अर्धं कार्ड परत मिळालं. पुढच्या नाताळला मीही हाच अर्धा परत पाठवीन, म्हणजे हिशोब चुकता.

दादा रस्त्यावर कसा झोपायचा, असं विचारलंत. खरं सांगू? झोपायचाच नाही. आमच्यापैकी कुणीच नाही. लॉरीत माणूस आत पडतो, कान बाहेर टांगून ठेवतो. ताडपत्रीच्या दोरीला कुणी हात लावला, डिझेलच्या टाकीचं झाकण कुणी फिरवलं, की उठायचं. आम्ही त्याला झोप म्हणतच नव्हतो, डोळे मिटणं म्हणायचो. आल्प्सच्या घाटात बर्फानं रस्ता बंद झाला की गाड्यांची रांग लागायची. मग ट्रेलरच्या पेटीतून स्टोव्ह निघायचे. कुणाकडे कांदे, कुणाकडे सॉसेज, एखाद्या डच माणसाकडे चीजचा गोळा. एकाच पातेल्यात सगळं. बर्फ पडत असायचं आणि व्हॅलेन्शियाच्या संत्र्यांचा वास गाडीभर. आता मला वाटतं ते सगळं मी स्वप्नातच पाहिलं की काय. ओदिल म्हणते, तेव्हाच्या माझ्या कपड्यांचा वास स्वप्नातला नव्हता.

पण बोटीवर, वहिनी! बोटीवर दादा मेल्यासारखा झोपायचा. खाली खलाशी लॉरीला साखळदंड लावायचे. त्यांचा खळखळाट ऐकू आला की दादाचे खांदे उतरायचे. ड्रायव्हरांच्या खोलीत फुकटचं जेवण असतं, बाकीचे त्यावर तुटून पडायचे. हा काटा हातात धरून झोपलेला. त्यानं तुम्हाला वादळातली गोष्ट कधी सांगितली नसणार. मी सांगतो, दादाच्या शिव्या खाव्या लागल्या तरी बेहत्तर.

एकदा भर वादळात बोट निघाली. कॅलेचं बंदर बंद. बाहेर हेलकावे खाऊन खाऊन शेवटी कप्तानानं बोट फिरवली आणि सकाळी पुन्हा डोव्हरला आणली. दादाला यातलं काही माहीत नाही. हाक आली तसा उठला, अर्ध्या झोपेत खाली गेला, गाडी चालू केली आणि फ्रान्समध्ये उतरल्यासारखा रस्त्याच्या उजव्या बाजूनं निघाला. तुमच्या डोव्हरच्या रस्त्यावर! त्याला म्हणे नवल वाटत होतं की फ्रेंचांनी हुबेहूब आपल्यासारखं चॅपल बांधलंय, आणि रविवारच्या भजनांची पाटीसुद्धा इंग्रजीत लावलीय. कोपऱ्यावर तुमच्या पाववाल्याची गाडी समोर आली. नाकाला नाक. पाववाला ओरडायला लागला. दादानं टोपी काढून, येत होती तेवढ्या फ्रेंचमध्ये, म्हणजे डिझेल, सूप आणि आभारी आहे, एवढ्यात माफी मागितली. वर मनात म्हणतो, हा फ्रेंच माणूस आपल्या पाववाल्यासारखा किती दिसतो. पाववाला त्याच्याबरोबर शाळेत होता. तो बिचारा टोपी काढून तसाच उभा राहिला, त्याला वाटलं विल्फला वेड लागलं.

तेव्हा माझं मत असं की त्याला साखळीचा आवाज हवा. त्यानं मन मानतं की आता गाडी कुठे जात नाही.

दादाला रागावू नका. ओदिलचा नमस्कार. तुमच्या रागालोभातला लोभ तेवढा माझ्या वाट्याला ठेवा.

आपला,
पर्सी


ईस्ट क्लिफ, डोव्हर
२० मार्च १९९३

चि. पर्सीभाऊजी यांस,
अ. उ. आ. वि. वि.

वादळाची गोष्ट वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले. मला तो दिवस आठवतो. हे नको त्या वेळी दारात उभे, मासे भाजून मागितले, खाल्ले, चकार शब्द बोलले नाहीत. आणि पाववाला पुढे किती दिवस मला उगीच जास्तीचा बन द्यायचा आणि दया आल्यासारखा बघायचा. त्या बनांचा अर्थ आज कळला.

तुमचा साखळीचा उपायही करून पाहिला. शेजारच्या मिसेस टॅप्लींकडे बोकडाची जुनी साखळी होती, ती मागून आणली. हे अंथरुणावर पडल्यावर मी जिन्यात उभी राहून ती पायरीपायरीवरून सोडली. यांनी वरून विचारलं की इनिड, तू घरात बोकड आणलास का. मी म्हटलं, नाही, मी बोट आहे. तेव्हा हसले. फार दिवसांनी हसले. पण झोप आली नाही, आणि माझ्या जिन्याला ओरखडे पडले ते वेगळेच.

त्यानंतर जे झालं ते लिहायला हात होत नाही. गेल्या रविवारी चॅपलमध्ये यांची मान माझ्या खांद्यावर पडली. मला वाटलं, लागली झोप. मी देवाचे आभार मानले. मागच्या बाकावरच्यांना खूण केली की भजन हळू म्हणा. सगळं चॅपल कुजबुजत गायलं. शेवटी उठायची वेळ झाली आणि हे उठेनात, तेव्हा कळलं की ती झोप नव्हती, मूर्च्छा होती. हात बर्फासारखे. डॉक्टर आले, शुद्धीवर आणलं. म्हणाले, असं पुन्हा झालं तर मी येऊन उपयोग नाही.

भाऊजी, आता माझं धैर्य संपलं. बोटीवर झोपतात म्हणता, तर बोटीवर न्यायचं कसं, ते सांगा. माझं आणि समुद्राचं बरं नाही, हे तुम्ही जाणता. माझे वडील भर समुद्रातल्या गुडविनच्या वाळूपाशी बोटीनं गेले ते परत आले नाहीत. बंदरासमोर जन्म काढला, पण बोटीवर पाय ठेवला नाही. ठेवीन. उत्तराला उशीर करू नका.

प्रभूवर भार आहे. लोभ करता तसाच करत राहा.

तुमची,
इनिडवहिनी


गीन
२७ मार्च १९९३

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र ओदिलला वाचून दाखवलं. ती भर कामाच्या वेळी खानावळीतल्या खुर्चीवर बसली, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

बेत असा. पायी प्रवासी म्हणून याल तर वर पोराटोरांच्या गोंगाटात बसाल. दादाला त्याची खोली हवी आणि खाली गाडी हवी. डग अजून लॉरी चालवतो; आमच्या बरोबरीतला तो एकटाच रस्त्यावर राहिलाय. त्याच्याशी बोललो आहे. ईस्टरनंतर, एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी, तो सकाळच्या बोटीनं निघतो. तुम्हा दोघांना गाडीत घेईल. मग तुम्ही ड्रायव्हरांच्या खोलीत बसायला मोकळ्या. तिथे कुणी तोंड सोडलं तर डग बघून घेईल. मी म्हटलं, डगची गरज पडणार नाही, वहिनीनं नुसतं बघितलं तरी पुरे.

दादा बोटीवर झोपेल. उतरल्यावर आम्ही दोघं न्यायला उभे असू. इथे चार दिवस राहा. ओदिलनं विचारलंय की तुमच्या चॅपलला दारू वर्ज्य, म्हणून सुपात वाइन घालणार नाही, मग तुम्ही खाल ना. ती कॅथलिक आणि खानावळवाली म्हणून तुम्ही इतकी वर्षं पाणी ओलांडलं नाहीत, असं तिला वाटत आलंय. मी तिला नेहमी समुद्राचं कारण सांगितलं. दोन्हींतलं खरं कुठलं ते तुम्ही येऊनच सांगा.

वाट बघतो. माया असू द्या, आणि अंगावर गरम कपडे असू द्या.

आपला,
पर्सी


ईस्ट क्लिफ, डोव्हर
५ एप्रिल १९९३

चि. पर्सीभाऊजी यांस,
अ. उ. आ. वि. वि.

येतो. यांना सांगितलं. उठून बुटांना पॉलिश करायला बसले.

ओदिलला सांगा, समुद्र हे अर्धं कारण होतं. उरलेल्या अर्ध्याची मला लाज वाटते. सूप खाईन.

घाईत आहे, जास्त लिहीत नाही. आहे तोच स्नेह पुरेसा आहे, फक्त सोबत ठेवा.

तुमची,
इनिडवहिनी


गीन
२८ एप्रिल १९९३

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

वहिनी, काय झालं? काल आम्ही बंदरावर उभे होतो. ओदिलनं नवा स्कार्फ बांधला होता. लॉऱ्या उतरल्या. डगची गाडी आली, शेजारची सीट रिकामी. मी पुढे धावलो. डगनं काच खाली केली, ओठांवर बोट ठेवलं, डोळे पाण्यानं भरलेले, आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले तसा निघून गेला. डगला रडताना मी कधी पाहिलं नाही. बुल्गारियात त्याचा पाय मोडला तेव्हासुद्धा तो शिव्या देत होता.

फोन घ्या म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला! शेवटी मिसेस टॅप्लींना फोन लावला. त्या म्हणाल्या की दोघं परत आली आहेत, पण दार बंद आहे आणि भर दिवसा पडदे ओढलेले आहेत. वहिनी, आपल्याकडे घरात कुणी गेलं की दिवसा पडदे ओढतात, ते मला सांगायला नको. त्यांनाही दार वाजवायचा धीर झाला नाही. माझा पासपोर्ट संपलाय, नाहीतर पुढच्याच बोटीत चढलो असतो.

ओदिल चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आली. एक ओळ लिहा. जे असेल ते लिहा.

पर्सी


ईस्ट क्लिफ, डोव्हर
१ मे १९९३

चि. पर्सीभाऊजी यांस,
अ. उ. आ. वि. वि.

आधी हे वाचा: हे सुखरूप आहेत. पडदे ओढले होते कारण हे झोपले होते. दिवसा पडद्याचा दुसरा अर्थ होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मिसेस टॅप्ली काल काळा कोट घालून, केक घेऊन आल्या, आणि यांनीच दार उघडलं. त्या पायरीवर मटकन बसल्या. केक आम्ही तिघांनी खाल्ला.

आता सगळं सांगते. डगची गाडी म्हणजे चॅपलची गच्ची. शिडी चढताना त्यानं खालून हात देऊ का विचारलं, मी म्हटलं हात खिशात ठेव. बोटीच्या पोटात गेलो. मी खलाशाला शोधून विनवलं की साखळ्या लाव, आणि जरा वाजव. तो हसला. म्हणाला, अहो बाई, आज समुद्र असा आहे की कपातला चहा हलणार नाही, लॉरी कशाला बांधू. एवढं सगळं त्या साखळीसाठी केलं होतं.

वर तुमची ती खोली. बटाटे, ग्रेव्ही, तंबाखूचा धूर आणि मोठमोठे पाय. मला पाहून सगळे एकदम सभ्य झाले. एकानं तर शिवी अर्ध्यात गिळली, त्याला ठसका लागला. आणि हे! नवरदेवासारखे टक्क जागे. मला खिडकीशी घेऊन गेले. भाऊजी, मी आमचं घर समुद्रावरून कधी पाहिलं नव्हतं. पांढरे कडे मागे मागे गेले, घर आगपेटीएवढं झालं, मग दाण्याएवढं. मला भीती वाटायला हवी होती. उलट असं वाटत होतं की जमीनच कुठेतरी निघालीय आणि आम्ही जागच्या जागी आहोत. हे सांगत होते, इथून तुझं वाळत घातलेलं धुणं दिसायचं, चादरी असल्या तर ओळखू यायच्या. मी विचारलं, मग झोपायचात केव्हा. म्हणाले, त्यानंतर.

पण आज झोपेनात. शेवटी मी सरळच विचारलं की अंथरुणावर पडून तुम्ही ऐकता तरी काय. हे कितीतरी वेळ चहा ढवळत राहिले. साखर तर डॉक्टरांनी बंद केलेली. मग म्हणाले, जिना. गॅस. मागच्या दाराची कडी. तुझा श्वास. तू एवढी वर्षं एकटीनं ते सगळं ऐकलंस, आता मी घरी आलोय तर पाळी माझी.

मी म्हटलं, पाळीला अंत असतो. तेव्हा म्हणाले की एका लॉरीवर दोन ड्रायव्हर असले तर एक रीत असते. ज्यानं चाक घेतलं त्यानं मोठ्यानं म्हणायचं, गाडी माझ्याकडे. ते ऐकल्याशिवाय दुसऱ्याची सुटका नाही. कुणी रुसून म्हणालाच नाही, तर हातात चाक नसलं तरी दुसरा म्युनिकपासून किनाऱ्यापर्यंत जागा बसतो. बोटीवर म्हणावं लागत नाही, कारण तिथे कप्तान असतो. घरी तू कधी म्हणाली नाहीस.

भाऊजी, मला राग आला. लग्न झाल्यापासून घर माझ्याकडेच आहे, त्यात म्हणायचं काय! हे म्हणाले, न म्हणणारे सगळे असंच म्हणतात.

मग मी कप खाली ठेवला आणि त्या सगळ्या पुरुषांसमोर म्हटलं, घर माझ्याकडे. यांनी विचारलं, गॅस? म्हटलं, माझ्याकडे. मागचं दार? माझ्याकडे. मग अगदी हळू विचारलं की हे छातीतलं. मी म्हटलं, ते प्रभूचं आहे, राखण माझ्याकडे. हे पुढे काहीतरी बोलणार होते. अर्ध्या शब्दावर मान टेकली. मी घाबरून छातीवर हात ठेवला. ऊब होती, ठोका सावकाश पडत होता, आणि लगेच घोरायला लागले. इतकं गोड घोरणं मी चॅपलच्या ऑर्गनमध्येही ऐकलं नाही.

कॅले आलं. हाक झाली. तुमचे ते धटिंगण ड्रायव्हर उठले आणि एकेकानं पायातले, ड्रायव्हर घालतात ते खडखडणारे लाकडी तळाचे जोडे काढून हातात घेतले. मोज्यांवर, ओळीनं, दारातून बाहेर. डग शेवटी गेला. त्याच्या मोज्याला भोक होतं, रफू करायला पाठव म्हणावं. स्टुअर्ड आम्हाला उतरवायला आला, बघून उभा राहिला, आणि दार हलकेच ओढून गेला. नियमात ते बसत नाही, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. मग कॅलेहून चढलेले नवे ड्रायव्हर आले, डच, स्पॅनिश, कोण कोण. कुणी काही सांगितलं नाही, पण तेही जोडे काढून आत आले आणि पावसुद्धा आवाज न करता मोडत होते. मी तिथे बसून समुद्र बघत होते. माझ्या वडिलांचीही आठवण झाली. त्रास नाही झाला. राखण माझ्याकडे होती ना.

तुम्ही दोघं धक्क्यावर उभे असाल हे मला माहीत होतं, भाऊजी. पण उठवणं माझ्यानं झालं नाही, त्याच बोटीनं तशीच डोव्हरला परत आलो.

आता घरी रोज प्रार्थना झाली की मी म्हणते, आणि हे झोपतात. काल डॉक्टर आले, नाडी धरून बसले, दुसरा हात धरला, आणि विचारलं की काय दिलंत. मी म्हटलं, शब्द दिला.

एकच अडचण झाली. यांची झोप आली आणि माझी गेली. डोळा मिटला की गॅस आठवतो. हे आज यांच्या लक्षात आलं. आता दुपारचे हे समोर बसले आहेत, मी लिहिते आहे, आणि म्हणत आहेत की इनिड, पुरे, घर माझ्याकडे. मी म्हटलं आधी पत्र पुरं करू द्या, ओदिलची माफी मागायची राहिलीय, तिचं सूप वाया गेलं असेल, तिला म्हणावं की पुढच्या महिन्यात आम्ही नक्की उतरू आणि मग मी तिच्या स्वयंपाकघरात बसून

ता. क.

पर्सी, मी विल्फ. मला पत्र लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे.
ती झोपली. पेन हातातच आहे, काढून घेतलं तर जागी होईल, म्हणून पेन्सिलीनं लिहितोय.
शेवटी ती माया, लोभ वगैरे काय लिहिते ते वाचलंस असं समज.
मी जागा आहे.